सुनीतीचं लोखंड

सुनीती आगटे निवृत्त झाली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तिनं घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्या आवळून काढल्या. एकही सैल नव्हती. मग तिनं मिक्सर खोलला, पुसला आणि परत जोडला. मग वरच्या मजल्यावरच्या शशिकलाचं शिलाई मशीन मागून आणलं. पहाटे उठून ती डबा भरायची, आणि झाकण लावता लावता आठवायचं की आता डबा कुठं न्यायचा नाही. तो डबा मग दोघं नवरा-बायको दहाच्या सुमाराला घरातच खात बसायची.

"आता मलाच खोलून ठेवू नकोस म्हणजे मिळवली," दत्तोपंत वर्तमानपत्राआडून म्हणायचे.

ते हसण्यावारी नेत, कारण त्यांना दिसत होतं ते मिरजेचं घर. रेल्वेच्या हिशेब खात्यातून ते तिच्या आधीच निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून तिची वाट बघत बसले होते. सुनीती मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात, तोफांना लावायच्या दुर्बिणी जोडतात त्या विभागात होती. सांगलीहून पोरसवदा वयात आली ती तिथंच मुरली. दत्तोपंतांना दोन वेळा बढतीवर सोलापूरकडची बदली मिळत होती, आणि दोन्ही वेळा त्यांनी ती नाकारली, कारण सुनीतीच्या हाताजोगं काम तिकडं कुठं नव्हतं. "तुझं होऊ दे, मग माझं," असं ते म्हणाले होते, आणि तिनंही मान डोलावली होती. आता तिचं झालं होतं. मिरजेत त्यांच्या थोरल्या भावाच्या घराजवळ फ्लॅट घेऊन ठेवला होता. मुलगी क्षमा पुण्यात, म्हणजे तीही हाकेच्या अंतरावर. सोमवारी सकाळी सामानाचा ट्रक येणार, दुपारी क्वार्टरची किल्ली द्यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं निघायचं. सगळं ठरलेलं होतं. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि सुनीतीला तेच सोसवत नव्हतं. कुणाशी भांडायचं म्हटलं तरी कारण सापडेना.

रविवारी सकाळी घरभर खोकी रचलेली असताना हरिप्रिया आली.

हरिप्रिया ही एकोजींची पुतणी. एकोजी सुनीतीचे कारखान्यातले वरिष्ठ, मूळ तंजावरकडचे मराठी, पिढ्यानपिढ्या मद्रासच्या मैलापुरात राहिलेले. हरिप्रियाचं मराठी ऐकलं की सुनीतीला वाटायचं, जुन्या बखरीतून कुणीतरी उठून बोलतंय आणि मध्येच तमिळमध्ये रिक्षावाल्याशी हुज्जत घालतंय. तमिळ रिवाजानं सुनीतीला मामी म्हणणारी ही मुलगी सभांमधल्या कचेऱ्यांचे, म्हणजे गाण्याच्या मैफलींचे, फोटो काढायची. यंदा पहिल्यांदाच मैफली भरवणाऱ्या एका सभेनं तिला डिसेंबरच्या अख्ख्या मोसमासाठी बोलावलं होतं.

"मामी, एकोजी काका म्हणटले, अस्कं काम सोडूनशान पहिलं तुमच्याकडे जा," असं म्हणत तिनं पिशवीतून एक लांबलचक लेन्स काढली. "फिरतच नाही पाहा. अर्ध्यावर येते आणि घट्ट! दुकानात म्हणाले कंपनीकडं पाठवायला हवी, पोंगल होऊन जाईल. सीझनच संपला की मग, अय्यो."

"अगं, उद्या ट्रक येतोय माझा. हत्यारंसुद्धा बांधून झालीत."

"माहितेय मामी. भाड्याची लेन्स मिळते मला, काळजी नाही. नुसतं बघा. जमलं तर जमलं."

सुनीतीनं लेन्स हातात घेतली आणि कानाशी धरून कडं हळूच फिरवलं. अर्ध्यावर एक बारीक 'टच्' झालं आणि कडं थांबलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिचा श्वास जागेवर आला.

"आत काहीतरी सुटं पडलंय," ती म्हणाली. "ठेव इथं. उद्या सकाळी ने."

"तुम्ही मैलापूरला राहिला असता तर किती बरं झालं असतं, मामी. या हवेत सगळ्यांच्याच लेन्सा धरतात. बुरशी काय, गंज काय. आमच्या वरच्या खोलीत दुकानच चाललं असतं." एवढं बोलून हरिप्रिया दुपारच्या कचेरीला पळाली.

दत्तोपंत जुन्या मित्रांचा निरोप घ्यायला गेले होते. घरात सुनीती, खोकी आणि ती लेन्स. जेवणाचं टेबल घडी करून भिंतीला टेकवलं होतं. सुनीतीनं एक बंद खोकं खिडकीखाली ओढलं, त्यावर पांढरा पंचा पसरला आणि लेन्स पालथी ठेवली. मागच्या बाजूला धातूची कडी होती, कॅमेऱ्याला अडकते ती, आणि कडीला चार चिमुकले स्क्रू. तिळाएवढी डोकी, त्यात फुलीच्या खाचा. तेवढे काढले की कडी सुटते आणि आत शिरता येतं.

हत्यारांचं खोकं रचलेल्या खोक्यांच्या तळाशी कुठंतरी होतं. पलंग सोडवताना सामानवाल्यांकडून राहून गेलेला एक स्क्रूड्रायव्हर मात्र खिडकीत पडला होता. सुनीतीनं तोच उचलला.

खरं तर जपानी लेन्सच्या फुलीचा घाट वेगळा असतो. आपला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर तिच्यात तळापर्यंत बसत नाही, जोर लावला की वर चढतो आणि खाच खातो. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. नवीन पोरांना पहिल्या दिवशी ती हेच शिकवायची. पण हात शिवशिवत होते, आणि खोकी उपसायची म्हणजे दत्तोपंतांना कारण द्यावं लागणार. एका लेन्ससाठी काय एवढं, असं म्हणून तिनं टोक टेकवलं.

पहिला स्क्रू निघाला. दुसराही. तिसऱ्यानं थोडे आढेवेढे घेतले आणि तोही निघाला. त्यामुळंच ती फसली. चौथ्यावर तिनं मनगट वळवलं आणि स्क्रूड्रायव्हर 'कर्र' करून निसटला.

तो आवाज तिच्या दाढेत भिनला. तिथंच थांबायला हवं होतं. पण तिला राग आला, कशाचा ते तिलाही सांगता आलं नसतं, आणि तिनं दात-ओठ खाऊन पुन्हा जोर लावला. परत 'कर्र'. भिंग लावून बघितलं तर फुली उरलीच नव्हती. खाचेची गुळगुळीत वाटी झाली होती.

ती उठली. स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, परत येऊन बघितलं. वाटी ती वाटीच. खोक्यांमधून एक फेरी मारली. गॅलरीत जाऊन खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकली बघितल्या. परत आली. एवढ्या वर्षांत तिच्या हातून शेवटची फुली कधी खाल्ली गेली होती तेसुद्धा तिला आठवेना. फोन वाजला.

"मामी, उघडली का?" मागं मृदंग लावत असल्याचा आवाज येत होता.

"चाललंय," सुनीती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर तिचे कान गरम झाले.

मग तिनं खोकी उपसायला घेतली. सामानवाली पोरं सेलमकडची. दत्तोपंतांनी मोठ्या हौसेनं खोक्याखोक्यावर मराठीत लिहून ठेवलं होतं आणि पोरांनी ते न वाचताच हाताला येतील तशी रचली होती. 'देव' खाली, 'चपला' वर. सुनीतीनं चिकटपट्ट्या फाडल्या. कुकर बाहेर आला, गोधड्या बाहेर आल्या, क्षमाची शाळेतली बक्षिसं बाहेर आली.

दत्तोपंत दारात येऊन उभे राहिले तेव्हा घर पुन्हा मांडल्यासारखं दिसत होतं.

"हे काय? चोर आले होते की काय?"

"माझी हत्यारं कुठल्या खोक्यात घातलीत?"

"उद्या ट्रक आहे, सुनीती."

"मला ठाऊक आहे उद्या ट्रक आहे. सकाळपासून तेच चाललंय. हत्यारं कुठं आहेत?"

त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग चप्पल काढून कोपऱ्यातली चार खोकी बाजूला केली. तळातल्या खोक्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'सुनीतीचं लोखंड'. तिला हसू आलं आणि लगेच रडूही फुटेलसं वाटलं, म्हणून ती भराभरा पट्टी फाडू लागली.

बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर मिळाला, पण आता त्याला धरायला खाच उरली नव्हती. तिनं टोक आणि स्क्रू यांच्यामध्ये रबराचा तुकडा ठेवून बघितला. रबर पिळलं, फाटलं, स्क्रू जागचा हलला नाही. स्क्रू आपोआप सुटू नयेत म्हणून कारखान्यातून लेन्स निघतानाच आट्यांना एक चिकट द्रव लावतात, तो वाळला की सिमेंट होतो. दत्तोपंतांना तिनं कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं.

"काय आणू?"

"नखांचा रंग पुसायचं असतं ना, ते. त्यात अ‍ॅसिटोन असलं पाहिजे, बाटलीवर बघून घ्या."

"या वयात मी नेलपॉलिशचं दुकान शोधू?" असं म्हणत ते गेले आणि घेऊनही आले. सुनीतीनं टाचणीच्या टोकावर थेंबभर घेऊन स्क्रूच्या कडेला सोडला. शेजारच्या प्लॅस्टिकला लागला असता तर तेही विरघळलं असतं. थेंब मुरू दिला. मग सोल्डरिंगचं आयर्न तापवून टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवलं, डिंक मऊ पडावा म्हणून. परत प्रयत्न केला. काही नाही.

"राहू दे गं," दत्तोपंत म्हणाले. "त्या मुलीला सांग, नाही जमलं. भाड्याची मिळते म्हणालीस ना?"

"तिनं दिली तेव्हा ती नुसती अडकलेली होती. आता बिघडलीय, आणि मी बिघडवलीय. चुकीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन. शिकाऊ पोरासारखी."

बोलायचं काय असतं अशा वेळी, ते दत्तोपंतांना इतक्या वर्षांत कळलेलं होतं. त्यांनी विचारलं, "मग आता?"

"डोकं कापायचं."

"कुणाचं?"

"स्क्रूचं. डोकं पोखरून काढलं की कडी वर उचलता येते. मग खालचा दांडा मोकळा दिसतो, तो पकडीनं धरून काढायचा. पण शिकंजा नाही माझ्याकडं. कुणीतरी लेन्स घट्ट धरायला हवी. तसूभरसुद्धा हलता कामा नये, टोक घसरलं तर आतल्या काचेवर जाईल."

ते समोर खोक्यावर बसले. तिनं कडीच्या आतल्या तोंडाला चिकटपट्टी लावून काच झाकली, म्हणजे धातूचा भुसा आत पडणार नाही. दत्तोपंतांनी दोन्ही तळव्यांत लेन्स धरली, कोपर गुडघ्यांवर रोवले. तिनं चिमटीत फिरवायचं छोटं हातड्रिल घेतलं, त्याला सुईएवढं टोक बसवलं, आणि स्क्रूच्या मधोमध टेकवून बोटांनी फिरवायला सुरुवात केली. अर्धा वेढा पुढं, थांब, परत. चांदीच्या केसासारखा भुसा वर यायला लागला. ती फुंकर मारायची नाही, श्वास कडेला सोडायची.

बाहेर उन्हं उतरायला लागली. खालच्या क्वार्टरमध्ये कुणीतरी फिल्टर कॉफीचं भांडं ठोकत होतं. दोघांची डोकी इतकी जवळ होती की तिला त्यांच्या दाढीच्या साबणाचा वास येत होता. आणि मग ड्रिल फिरवता फिरवता तिच्या तोंडून निघून गेलं.

"मला मिरजेला जायचं नाही."

लेन्स कणभर हलली.

"हात हलवू नका!"

"तू हे आत्ता सांगतेस? माझे हात अडकवून?"

"हलवू नका म्हणते ना. टोक आत आहे."

दत्तोपंतांनी कोपर पुन्हा रोवले. त्यांच्या कानशिलावरची शीर उडताना तिला दिसत होती. तिची बोटं फिरतच राहिली, थांबली असती तर तिला पुढं बोलता आलं नसतं.

"फ्लॅट घेतला तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, रिटायर झाले की दमून जाईन, कुठंही झोपेन. पण झोपच येत नाही. अंगात नुसतं वारं भरल्यासारखं होतं. घरात बसवत नाही, बाहेर जाऊन करायचं काय कळत नाही. मिरजेला गेले तर हेच घेऊन जाणार ना मी? तिथं वहिनी, भिशी, देवळात जाणं. वाईट नाही काही. पण माझ्या हातांचं काय?"

"मिरजेत काय हातांना काम नाही? अख्खी सतारमेकर गल्ली आहे तिथं. जगभरातून लोक येतात."

"लाकूड आणि भोपळा आहे तो, अहो. माझं काम नव्हे ते. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही."

"शिकशील."

"आता? साठीला?"

ते हलक्या आवाजात म्हणाले, "मी दोनदा बदली नाकारली, सुनीती. मी बोलून दाखवलं नाही कधी."

"नाही दाखवलंत."

"आज दाखवतोय."

"दाखवा. तुमचं बरोबरच आहे. तुमचं बरोबर आहे म्हणून तर मला महिनाभर तोंड उघडता आलं नाही." तिचा आवाज चिरकला, पण बोटं सरळ होती. "मला मद्रास हवंय असंही नाही. हे क्वार्टर तर उद्या सुटतंच आहे. मला सकाळी उठल्यावर काहीतरी अडलेलं हवं. माझ्या हातांनी सुटेल असं. एवढंच."

"आणि मला?" दत्तोपंत म्हणाले. "मला सकाळी उठल्यावर तू हवीस. चहाला. मी काय मिरजेत भिंतींशी बोलू?"

तेवढ्यात तिच्या बोटांना ओळखीचा हिसका लागला, खालचं अंग मोकळं झाल्याचा. स्क्रूचं डोकं ड्रिलच्या टोकाला इवल्याशा टोपीसारखं अडकून वर आलं.

"सोडू का?" दत्तोपंतांनी विचारलं.

"सोडा. हळूच."

त्यांनी लेन्स पंच्यावर ठेवली. बोटं आखडली होती, ती एकेक करून उघडली आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

सुनीतीनं भुसा ओल्या कापसानं टिपला, कडी उचलली. कडेला स्क्रूचा दांडा रोपट्याच्या खुंटासारखा उभा होता. तिनं अरुंद तोंडाच्या पकडीनं तो धरला, आणि एवढा छळ केल्यावर तो गपकन फिरला. अ‍ॅसिटोननं आणि उष्णतेनं डिंक कधीच सुटला होता, फक्त धरायला जागा नव्हती. पुढचं सगळं सोपं होतं. आतलं नळकांडं बाहेर आलं, तसा एक बारकासा स्क्रू पंच्यावर टपकन पडला. आतल्या पट्टीचा स्क्रू आपला आपण सुटून सरकपट्टीत जाऊन अडकला होता. तिनं तो जागी बसवला, थेंबभर डिंक लावला, जुनं ग्रीस पुसून नवं लावलं. कडी परत तीन स्क्रूंवर बसवली. चौथा हरिप्रियाला रिची स्ट्रीटच्या बाजारात कुठल्याही जुन्या लेन्समधून मिळाला असता. कडं फिरवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठंही न अडखळता.

तिनं ते पुन्हा पुन्हा फिरवलं. आनंद झाला, पण तो टिकला नाही. गॅलरीतली पाठमोरी आकृती हलली नव्हती.

जेवताना दोघांनी दहीभात खाल्ला. ताटं बांधलेली होती म्हणून कुकरच्या भांड्यातच. हात धुवून आल्यावर दत्तोपंतांनी विचारलं, "किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"म्हणजे तू काहीतरी ठरवलं असशीलच ना. तोंड उघडलंस म्हणजे."

तिनं काहीच ठरवलं नव्हतं. पण विचारल्यावर सुचलं. "सभांचा मोसम संपेपर्यंत. मैलापूरला, एकोजींच्या वरच्या खोलीत. त्यांनी हो म्हटलं तर. हरिप्रिया म्हणत होती, सगळ्यांच्या लेन्सा अडकतात. बघते काही होतंय का. नाही झालं तर येते गुमान."

"आणि झालं तर?"

"झालं तर काय ते मला आज सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू?"

दत्तोपंतांनी बोटांचे सांधे चोळले. मग म्हणाले, "मी थांबणार नाही. मी पस्तीस वर्षं थांबलोय. मला माझ्या भावाच्या ओट्यावर बसायचंय, तो आहे तोवर."

"तुम्ही थांबू नका. तुम्ही थांबलात तर मला एक दिवस सुख लागणार नाही."

"आता तरी कुठं लागतंय तुला," ते म्हणाले, आणि फोन तिच्यापुढं सरकवला.

एकोजींनी पलीकडून तिचं सगळं बोलणं ऐकूनही घेतलं नाही. "खोली रिकामीच की हो," ते म्हणाले. "झाडूनशान ठेवतो. माझ्या डोळ्याला दिसत नाही आता, नाहीतर मीच केलं असतं. या."

मग तिनं हरिप्रियाला फोन केला आणि आधी चौथ्या स्क्रूचं सांगितलं, चुकीच्या स्क्रूड्रायव्हरसकट. ती पोरगी हसली. "मामी, मी तर कात्रीनं उघडायला बघत होते."

सोमवारी ट्रक वेळेवर आला. दत्तोपंत पोरांवर देखरेख करत उभे होते. एकेक खोकं खाली गेलं. सुनीतीनं एक ट्रंक, एक गादी आणि हत्यारांचं खोकं बाजूला काढलं होतं. पोरं हत्यारांचं खोकं उचलायला लागली तसे दत्तोपंत ते नको म्हणून मोडक्या तमिळमध्ये ओरडले, "अदु वेंडाम, अदु वेंडाम!" मग आपण होऊन एक लहान खोकं परत वर घेऊन आले. त्यात एक पातेलं, गाळणं, दोन कप आणि चहाची पूड होती.

"एकोजीकडं कॉफीच असणार," ते म्हणाले.

दुपारी हरिप्रिया रिक्षा घेऊन आली, आपली लेन्स, ट्रंक, गादी आणि खोकी घेऊन पुढं गेली. किल्ली सुपूर्द झाली. क्षमाचा पुण्याहून फोन आला. ती आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली, "बाबांना स्वयंपाक येतो का तरी?" दत्तोपंत म्हणाले, "खिचडी येते." संध्याकाळी दोघं सेंट्रल स्टेशनवर गेली. फलाटावर गर्दी होती, गाडी लागलेली होती. सुनीतीनं त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली आहे का बघितलं, औषधं बघितली, पिशवीची चेन परत परत लावून बघितली.

"पुरे आता," दत्तोपंत म्हणाले.

"पोचल्यावर फोन करा. गाडी बदलतानाही करा."

"येशील ना?"

"संक्रांतीला येते. तिळगूळ घ्यायला."

"संक्रांतीचं नाही विचारलं मी."

गाडी हलली. ती दोन-चार पावलं खिडकीबरोबर चालली आणि थांबली. तिला वाटलं होतं, गाडी गेल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट पायांना आणखीच घाई सुटली. ती भराभरा चालत सुटली, गर्दीतून वाट काढत, वळणं घेत, डोक्यात एकच विचार, त्यांनी शाल वरच घेतलीय की बॅगेत. समोर लोकल उभी होती, त्यात चढली. जागा मिळाली, बसली. खिडकीतून वारा आला.

पेरंबूर येईपर्यंत तिच्या लक्षात आलं नाही. शेजारच्या बाईनं विचारलं, "आवडीदाना?", आवडीलाच ना, आणि तिनं सवयीनं मान हलवली, आणि मग एकदम उभी राहिली. आवडीला तिचं आता काहीच नव्हतं. किल्लीसुद्धा नव्हती.

ती घाईघाईनं उतरली. लोकल निघून गेली. फलाटावरच्या बाकावर ती बसली आणि पहिल्यांदाच, या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच, तिला रडू आलं. फार नाही. समोरच्या फुलवालीनं एकदा बघितलं आणि नजर वळवली. बऱ्याच वेळानं फोन वाजला.

"अरक्कोणम आलं," दत्तोपंत म्हणाले. "पोचलीस का मैलापूरला?"

"नाही. पेरंबूरला आहे."

"पेरंबूरला? तिथं काय करतेस?"

"आवडीची गाडी पकडली चुकून."

पलीकडं क्षणभर फक्त चाकांचा खडखडाट ऐकू आला. मग दत्तोपंत हसायला लागले. इतके हसले की डब्यातल्या कुणीतरी त्यांना काही विचारलं आणि ते त्याला सांगायला लागले, माझी मिसेस, माझी मिसेस. तीही हसली, डोळे पुसता पुसता.

"ऐक," ते म्हणाले, "सेंट्रलला परत जा. समोरच्या पार्क टाऊन स्टेशनवरून गाडी घे, थेट मैलापूरला जाते. बोर्ड वाचून चढ."

"वाचते."

"आणि चहा करून घे गेल्यावर."

"शाल बाहेर ठेवलीय का तुमची?"

"अंगावरच आहे."

पलीकडच्या फलाटावर सेंट्रलला जाणारी गाडी येत असल्याची घोषणा झाली, आधी तमिळमध्ये, मग इंग्रजीत. सुनीती उठली, पुलाच्या पायऱ्या चढून गेली, आणि गाडी आल्यावर दारावरची पाटी नीट वाचून आत चढली.